विश्लेषण : फॉल्समच्या तुरुंगात मेक्सिकन गाणी का घुमली? ‘लोस तिग्रेस देल नोर्ते’चा लाइव्ह अल्बम काय सांगतो?

जॉनी कॅशच्या गाजलेल्या तुरुंग-मैफलीनंतर ५० वर्षांनी एक मेक्सिकन बँड त्याच भिंतींच्या आत गायला. यावेळी भाषा स्पॅनिश होती आणि समोर बसलेल्या अनेकांना ती आपल्या घरची वाटत होती. या अल्बमची आणि त्याभोवतीच्या वादांची ही कहाणी.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅक्रामेंटो शहराजवळ फॉल्सम नावाचा तुरुंग आहे. १८८० मध्ये सुरू झालेल्या या तुरुंगाच्या ग्रॅनाइटच्या भिंती जगभरातील संगीतप्रेमींना ठाऊक आहेत त्या जॉनी कॅश या गायकामुळे. त्याने १९६८ मध्ये इथे कैद्यांसमोर गाऊन केलेला अल्बम कंट्री संगीताच्या इतिहासातील मैलाचा दगड मानला जातो. २०१८ मध्ये, म्हणजे बरोबर ५० वर्षांनी, ‘लोस तिग्रेस देल नोर्ते’ (अर्थ : उत्तरेचे वाघ) हा मेक्सिकन बँड तिथे गेला. ‘लोस तिग्रेस देल नोर्ते अॅट फॉल्सम प्रिझन’ हा लाइव्ह अल्बम आणि त्याच नावाचा नेटफ्लिक्सवरील माहितीपट यातून तयार झाला. माहितीपट प्रदर्शित झाला १५ सप्टेंबर २०१९ रोजी, म्हणजे मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी. वरवर पाहता ही एका जुन्या अल्बमला वाहिलेली आदरांजली. पण १९६८ च्या मैफलीत जे ऐकू येत नाही, ते या अल्बममध्ये ऐकू येते.

१९६८ मध्ये फॉल्सममध्ये काय घडले होते?

कॅशने ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ हे गाणे रेकॉर्ड केले १९५५ मध्ये. तेव्हा तो या तुरुंगात पाऊलही टाकलेला नव्हता. अमेरिकी हवाई दलाच्या नोकरीत जर्मनीत असताना त्याने फॉल्समवरचा एक चित्रपट पाहिला आणि त्यातून गाण्याची कल्पना सुचली. चाल आणि काही शब्द त्याने गॉर्डन जेन्किन्स या संगीतकाराच्या आधीच्या गाण्यावरून उचलले होते. पुढे त्याची भरपाईही त्याला द्यावी लागली. गाणे गाजले आणि कॅशला तुरुंगांतून पत्रे येऊ लागली. आमच्यासमोर येऊन गा, अशी ती मागणी होती.

१३ जानेवारी १९६८ रोजी कॅशने फॉल्समच्या भोजनगृहात एकाच दिवशी दोन कार्यक्रम केले. अल्बममधील बहुतेक गाणी पहिल्या कार्यक्रमातली आहेत. तेव्हा कॅशची कारकीर्द उतरणीला लागली होती, अमली पदार्थांच्या व्यसनाने तो पोखरला गेला होता. या अल्बमने त्याला पुन्हा शिखरावर नेले. त्यानंतर तुरुंगात लाइव्ह अल्बम करण्याची एक परंपराच सुरू झाली. कॅश स्वतः १९६९ मध्ये सॅन क्वेंटिन तुरुंगात गायला. ब्लूज गायक बी. बी. किंग याचा शिकागोच्या कुक काउंटी तुरुंगातील अल्बम १९७१ मध्ये आला. तिग्रेसचा अल्बम याच परंपरेतला, पण स्पॅनिश भाषेतला.

‘लोस तिग्रेस देल नोर्ते’ कोण आहेत?

मेक्सिकोच्या वायव्येकडील सिनालोआ राज्यात मोकोरितो नावाचा भाग आहे. तिथल्या रोसा मोरादा या खेड्यातील एर्नान्देस कुटुंबातील भावंडांचा हा बँड. थोरला खोर्खे गातो आणि अॅकॉर्डियन वाजवतो. एर्नान, एदुआर्दो आणि लुईस हे त्याचे भाऊ, तर ड्रम वाजवणारा ऑस्कर लारा हा त्यांचा चुलतभाऊ. घरची परिस्थिती बेताची होती, त्यामुळे ही मुले खानावळींतून आणि रस्त्यावर गात पैसे मिळवायची.

१९६८ मध्ये, म्हणजे कॅशने फॉल्सम गाजवले त्याच वर्षी, ही पौगंडावस्थेतली मुले कार्यक्रमासाठी अमेरिकेत गेली. बँडच्या नावाची कहाणी त्याच प्रवासातली. सीमेवरच्या एका स्थलांतर अधिकाऱ्याने त्यांना कौतुकाने ‘छोटे वाघ’ म्हटले आणि ते उत्तरेकडे निघाले होते म्हणून ‘उत्तरेचे वाघ’ हे नाव कायम झाले. अमेरिकेतील त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कार्यक्रमांपैकी एक होता कॅलिफोर्नियातील सोलेडाड तुरुंगातला. त्यामुळे फॉल्समला जाणे ही या बँडसाठी केवळ कॅशची नक्कल नव्हती. त्यांची अमेरिकेतील वाटचाल तुरुंगाच्या दारातूनच सुरू झाली होती.

पुढे ते कॅलिफोर्नियातील सॅन होसे शहरात स्थायिक झाले. आर्ट वॉकर या इंग्रज निर्मात्याने त्यांना आपल्या ‘फामा’ या छोट्या कंपनीत घेतले. १९८८ मध्ये त्यांना पहिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २०१४ मध्ये हॉलीवूडच्या ‘वॉक ऑफ फेम’वर त्यांच्या नावाचा तारा बसवण्यात आला.

‘रीजनल मेक्सिकन’ संगीत म्हणजे नेमके काय?

हे एका संगीतप्रकाराचे नाव नाही. अमेरिकेतील रेडिओ आणि संगीत उद्योगाने सोयीसाठी केलेला तो मोठा कप्पा आहे. मारियाची, रान्चेरा, पितळी वाद्यांचा ताफा असलेली बांदा आणि उत्तर मेक्सिकोतील नोर्तेन्यो असे अनेक प्रकार त्यात येतात. तिग्रेस हा नोर्तेन्यो बँड.

नोर्तेन्योचा कणा म्हणजे बटनांचे अॅकॉर्डियन आणि ‘बाखो सेक्स्तो’ हे १२ तारांचे, गिटारसारखे वाद्य. १९ व्या शतकात टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोत जर्मन, चेक, पोलिश स्थलांतरित आले. त्यांनी अॅकॉर्डियन आणि पोल्काचा ठेका सोबत आणला. स्थानिकांनी तो आपल्या गाण्यांत मिसळला. आपल्याकडची पेटीही युरोपातूनच आली आणि अॅकॉर्डियनच्या कुळातलीच. दोन्हींत भात्यातील हवेने धातूच्या पट्ट्या कंप पावतात आणि स्वर उमटतो.

या संगीतातील सर्वांत महत्त्वाचा गानप्रकार म्हणजे ‘कोरिदो’. घडलेली किंवा घडू शकणारी गोष्ट पात्रांच्या नावांसह, ठिकाणांसह सांगणारे हे कथागीत. १९१० नंतरच्या मेक्सिकन क्रांतीत सेनानींच्या पराक्रमाच्या आणि विश्वासघाताच्या बातम्या कोरिदोंतून गावोगाव पोहोचत. मराठी वाचकाला पोवाडा आठवला तर ते स्वाभाविक आहे. फरक एवढाच की कोरिदोचा नायक राजा असेलच असे नाही. तो शेतमजूर असू शकतो, घोडेचोर असू शकतो किंवा तस्करही.

तिग्रेसची गाणी कोणाबद्दल आहेत?

आंखेल गोन्सालेस याने लिहिलेले ‘कोन्त्राबान्दो इ त्राइसियोन’ (तस्करी आणि दगा) हे त्यांचे १९७० च्या दशकातील पहिले मोठे यश. एमिलियो आणि कामेलिया ही जोडी मोटारीच्या चाकांत गांजा लपवून सीमा ओलांडते. माल पोहोचतो, पैसे मिळतात. मग तो सांगतो, की आपला मार्ग इथून वेगळा, आपले प्रेम दुसरीवर आहे. ती त्याला गोळ्या घालते आणि पैसे घेऊन नाहीशी होते. या गाण्याने नार्कोकोरिदो, म्हणजे अमली पदार्थांच्या व्यापारावरील कथागीतांची मोठी लाट आणली.

पण तिग्रेसला फक्त तस्करांचे गायक म्हणणे अपुरे ठरेल. १९८० च्या दशकात एन्रिके फ्रान्को या गीतकाराने त्यांच्यासाठी लिहिलेले ‘ला हाउला दे ओरो’ (सोन्याचा पिंजरा) पाहा. कागदपत्रांविना अमेरिकेत बरीच वर्षे काढलेला एक बाप त्यात बोलतो. हातात पैसा आहे, पण पकडून परत पाठवतील या भीतीने तो घर आणि काम याबाहेर पडत नाही. मुले इंग्रजी बोलतात आणि मेक्सिकोला परतायला तयार नाहीत. फ्रान्कोच्याच ‘त्रेस वेसेस मोहादो’मध्ये एल साल्वादोरमधून निघालेला माणूस एकापाठोपाठ तीन सीमा ओलांडतो. शेतात, हॉटेलच्या स्वयंपाकघरात, बांधकामावर राबणाऱ्या लाखो लोकांना आपले आयुष्य रेडिओवर पहिल्यांदा ऐकू आले ते अशा गाण्यांतून.

मग ५० वर्षांनी फॉल्समच का?

एक कारण उघड आहे : वर्धापनदिनाचे औचित्य आणि कॅशच्या नावाचे वलय. पण त्याहून मोठे कारण तुरुंगाच्या हजेरीपटात आहे. कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत आज लॅटिनो कैद्यांचे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक आहे. कोणत्याही वांशिक गटापेक्षा ते जास्त आहे. कॅशने ज्या तुरुंगाला आवाज दिला, त्या तुरुंगाची भाषाच अर्धशतकात बदलली.

कॅश कुटुंबाच्या संमतीने ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’चे स्पॅनिश रूप या मैफलीसाठी तयार झाले. ते केले आना क्रिस्तिना कॅश हिने. ती जॉनी कॅशचा मुलगा जॉन कार्टर कॅश याची पत्नी, स्वतः गायिका आणि क्युबन-अमेरिकी कुटुंबातली. मूळ गाण्यात कोठडीतला कैदी दुरून जाणाऱ्या आगगाडीचा आवाज ऐकतो आणि आतल्या प्रवाशांचा हेवा करतो. हेच गाणे अॅकॉर्डियनच्या साथीने स्पॅनिशमध्ये आले, की त्याला सीमेपलीकडे राहिलेल्या घराचाही अर्थ येतो.

दुसरा फरक महिलांचा. १९६८ मध्ये कॅशसमोर सगळे पुरुष होते. फॉल्समचा महिला विभाग सुरू झाला तो २०१३ मध्ये. तिग्रेस पुरुष कैद्यांसमोर गायले, तसेच महिला कैद्यांसमोरही. टॉम डोनाह्यू दिग्दर्शित माहितीपटात गाण्यांच्या अधेमधे कैदी स्वतःची गोष्ट सांगतात : गुन्हा काय केला, घरी कोण आहे, बाहेर सुटलेले मूल आता केवढे झाले असेल. बँड गोष्टी सांगणारा आणि समोर बसलेल्या प्रत्येकाकडे स्वतःची एक गोष्ट, असा हा योग होता.

तुरुंगात लाइव्ह रेकॉर्डिंग कसे होते?

स्टुडिओत प्रत्येक वाद्य वेगळे, शांत खोलीत, हवे तितक्या वेळा वाजवता येते. लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये ही चैन नसते. प्रत्येक मायक्रोफोनची तार मंचाजवळ दोन ठिकाणी विभागली जाते. एक जोडणी मैदानातील स्पीकरकडे जाते, दुसरी रेकॉर्डिंगकडे. तिथे गायन, अॅकॉर्डियन, बास, ड्रम हे सारे वेगवेगळ्या ट्रॅकवर साठवले जाते. त्यामुळे नंतर मिक्सिंग करताना एकेकाचा आवाज कमी-जास्त करता येतो. पण गायकाच्या माइकमध्ये शेजारचा ड्रमही शिरतो. ही ‘गळती’ पूर्णपणे काढता येत नाही.

खरी कसोटी असते श्रोत्यांच्या आवाजाची. त्यासाठी प्रेक्षकांच्या दिशेने वेगळे माइक लावतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. मंचापासून ३० मीटरवरच्या माइकमध्ये तेच गाणे सुमारे ९० मिलिसेकंद उशिरा पोहोचते. हे अंतर जुळवले नाही, तर ऐकणाऱ्याला ठेका दुहेरी वाटतो. भोवती दगडी भिंती असतील तर प्रतिध्वनीचीही भर पडते. त्यात तुरुंगात शिस्तीचे नियम असतात : कोणते सामान आत येईल, कोण कुठे बसेल, कार्यक्रम किती वाजता संपेल, हे सारे प्रशासन ठरवते. चुकले तर पुन्हा घेऊ, ही सोय जवळपास नसते.

मात्र ‘लाइव्ह’ म्हणजे सगळे जसेच्या तसे, असे समजण्याचे कारण नाही. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कॅशच्याच अल्बममध्ये आहे. केवळ मरताना पाहावे म्हणून एकाला मारल्याचे गाण्यातला कैदी सांगतो, त्या ओळीनंतर एक जोरदार आरोळी ऐकू येते. ती त्या क्षणी उठलेली नव्हती, नंतर स्टुडिओत जोडली गेली, असे कॅशच्या अभ्यासकांनी मूळ टेप तपासून दाखवले आहे. पहारेकरी भोवती उभे असताना खुनाच्या ओळीवर खुशीत ओरडण्याइतके कैदी बेफिकीर नव्हते. अल्बम ऐकणाऱ्या पिढ्यांच्या मनात मात्र कैद्यांची तीच प्रतिमा ठसली. म्हणजे श्रोत्यांच्या आवाजाची छोटीशी जोडणीही माणसांबद्दलचे मत घडवते. तिग्रेसच्या प्रकल्पात कैद्यांना कॅमेऱ्यासमोर बोलायला मिळाले, याचे महत्त्व म्हणून जास्त. त्यांची प्रतिक्रिया काय होती, हे संपादकाच्या कात्रीवर सोडलेले नाही; ते स्वतः सांगतात.

गुन्ह्याची गाणी गुन्हेगारांपुढे, हे योग्य का?

हा आक्षेप जुना आहे. तस्करांना नायक करणारी गाणी तरुणांना बिघडवतात, असे मेक्सिकोतील अनेक राज्य सरकारांचे मत आहे. त्यांनी वेळोवेळी बंदी घातली, दंड केला. २०१२ मध्ये ‘ला रेइना देल सुर’ हे गाणे गायल्यावरून चिवावा शहराने तिग्रेसच्याच कार्यक्रमांना मनाई केली होती. बँडचे समर्थक म्हणतात, की गाण्याने तस्करी निर्माण केली नाही. ती होती, म्हणून गाणे झाले. कामेलियाच्या गोष्टीतही कोणी सुखी होत नाही : एक मरतो, दुसरी परागंदा होते.

वाद अजूनही ताजा आहे. एप्रिल २०२५ मध्ये मेक्सिको सिटीजवळच्या तेश्कोको येथील जत्रेत लुईस आर. कोन्रिकेस या गायकाने नार्कोकोरिदो गाण्यास नकार दिला, तेव्हा संतापलेल्या श्रोत्यांनी मंचावर चढून वाद्ये फोडली. त्याच सुमारास ‘लोस आलेग्रेस देल बारान्को’ या बँडच्या कार्यक्रमात एका टोळीप्रमुखाचे चित्र पडद्यावर झळकले आणि अमेरिकेने बँडच्या सदस्यांचे व्हिसा रद्द केले. मेक्सिकोच्या अध्यक्ष क्लाउदिया शेनबाऊम यांनी बंदीऐवजी दुसरा मार्ग निवडला. हिंसा आणि अमली पदार्थांचे उदात्तीकरण नसलेल्या गाण्यांची ‘मेहिको कान्ता’ ही स्पर्धा त्यांच्या सरकारने सुरू केली.

या पार्श्वभूमीवर फॉल्समची मैफल एक वेगळे उत्तर देते. बाहेरच्या जत्रेतील तरुणाला तस्कराचे गाणे म्हणजे थरार वाटू शकतो. पण समोर बसलेल्या माणसाने त्या आयुष्याची किंमत वर्षांच्या हिशेबात मोजलेली असेल, तर तेच गाणे फुशारकीचे राहत नाही. त्याला त्यात पराक्रमापेक्षा परिणाम अधिक दिसतो. गाणे बदलले नाही, ऐकणारा बदलला. कोरिदोवर सरसकट बंदी घालणाऱ्यांनी आणि ‘ही फक्त करमणूक आहे’ म्हणणाऱ्यांनीही लक्षात घ्यावी अशी ही गोष्ट आहे.

तिग्रेस आणि श्रोते यांचे नाते कसे आहे?

या बँडची एक खासियत आहे. कार्यक्रमात श्रोते कागदाच्या चिठ्ठ्यांवर फर्माईश आणि कोणाच्या नावे गाणे हवे ते लिहून मंचाकडे सरकवतात आणि बँड त्यातली गाणी गात राहतो. त्यामुळे कार्यक्रम कित्येक तास चालतात. त्यांच्या लाइव्ह अल्बमची ताकद इथे आहे. ‘एमटीव्ही अनप्लग्ड’साठी २०११ मध्ये हॉलीवूडमध्ये केलेल्या मैफलीत पाउलिना रुबियो, हुआनेस, ‘रेज अगेन्स्ट द मशीन’चा झॅक दे ला रोचा असे तारे पाहुणे होते. त्या अल्बमला ग्रॅमीही मिळाला. फॉल्सममध्ये पाहुणे कलाकार लागले नाहीत. तिथले पाहुणे मंचासमोर निळ्या कपड्यांत बसले होते.

ज्यांचे आवाज नोंदले जात नाहीत ते जपावेत, ही या बँडची जुनी भूमिका आहे. २००० मध्ये त्यांच्या प्रतिष्ठानने लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाला (यूसीएलए) पाच लाख डॉलर दिले. ख्रिस स्ट्राखविट्झ या संग्राहकाने गोळा केलेल्या मेक्सिकन आणि मेक्सिकन-अमेरिकी ध्वनिमुद्रिकांचे डिजिटायझेशन त्यातून सुरू झाले. आज त्या संग्रहातील लाखाहून अधिक गाण्यांची नोंद अभ्यासकांना उपलब्ध आहे.

टाळ्या थांबल्यानंतर काय?

तुरुंगातील मैफलींबाबत हा प्रश्न टाळता येत नाही. १९६८ च्या अल्बमचा शेवट ग्लेन शर्ली या फॉल्सममधील कैद्याने लिहिलेल्या गाण्याने होतो. कॅशने ते आदल्या रात्री शिकून घेतले होते आणि शर्ली समोर बसलेला असताना गायले. कॅशच्या प्रयत्नांनी १९७१ मध्ये शर्ली सुटला. कॅशने त्याला आपल्या ताफ्यात घेतले. १९७२ मध्ये दोघांनी तुरुंग सुधारणेबाबत अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्षही दिली. पण बाहेरचे आयुष्य शर्लीला पेलले नाही. कॅशला त्याला ताफ्यातून दूर करावे लागले आणि १९७८ मध्ये शर्लीने आत्महत्या केली. एका गाण्याने तुरुंगाचे दार उघडू शकते, पण दाराबाहेर काम, उपचार आणि माणसांचा आधार लागतो, हे त्या कहाणीने दाखवले.

तिग्रेससमोरच्या अनेक श्रोत्यांपुढे आणखी एक अडचण आहे. अमेरिकेचे नागरिकत्व नसलेल्या कैद्याची शिक्षा संपली, की त्याला स्थलांतर यंत्रणेच्या ताब्यात देऊन मायदेशी पाठवले जाऊ शकते. कायम वास्तव्याचा परवाना असला, बायको-मुले अमेरिकेत असली, तरीही गंभीर गुन्ह्यात ही हद्दपारी टळत नाही. लहानपणी आईवडिलांसोबत आलेल्या माणसाला सुटकेनंतर अशा गावी पोहोचवले जाते, जे त्याला आठवतही नाही. ‘सोन्याचा पिंजरा’मधल्या बापाला घराबाहेर पडण्याची भीती होती. या कैद्यांना भीती असते ती सुटकेच्या दिवसाची.

लाइव्ह अल्बम यातले काहीच बदलत नाही. शिक्षा कमी होत नाही आणि कायदाही तसाच राहतो. फॉल्समचा महिला विभागही २०२३ मध्ये बंद झाला आणि तिथल्या कैदी दुसरीकडे हलवल्या गेल्या. त्या विभागात स्पॅनिश गाण्यांवर दिलेली दाद मात्र आता ध्वनिमुद्रित आहे. फॉल्सम म्हटले, की यापुढे केवळ कॅशचा घोगरा आवाज आठवणार नाही. त्याच्या शेजारी एक अॅकॉर्डियन असेल आणि त्या सुरात सूर मिसळणारे कैदीही.